एक्केचाळीस पानांची शलाका

हिमानीने सूड घ्यायचं ठरवलं ते गुढीपाडव्याला, सकाळी साडेदहाला, आणि पुढचे पाच महिने तिने तो निखारा विझू दिला नाही.

त्या दिवशी बनारसच्या मराठी मंडळात तिच्या चुलतभावाचा, विश्वजीतचा, सत्कार झाला. मंडळाच्या वेबसाइटवर गेलेल्या माणसाची तिथी टाकली की यंदा श्राद्ध कुठल्या तारखेला येतं ते कळतं आणि गुरुजींची वेळही तिथेच ठरते. ही सोय त्याने केली म्हणून शाल, नारळ, टाळ्या. सोय केली होती हिमानीने! अकरावीचा अभ्यास सांभाळून, बनारसच्या कडाक्याच्या थंडीत रजईत शिरून, एकेक ओळ तिने लिहिली होती. विश्वजीतने ती नुसती साइटवर चढवली, कारण पासवर्ड त्याच्याकडे होता. आणि माइक हातात आल्यावर पठ्ठ्या म्हणतो काय, "एकेक ओळ तोंडपाठ आहे मला! हिमूनेपण खूप मदत केली हां. चहा करून दिला!"

सगळे हसले. हिमानीची आईसुद्धा हसली. हिमानीला तर चहा करता येतही नाही.

"जाऊ दे गं, घरचाच आहे," आई नंतर म्हणाली. घरचा होता म्हणूनच तर जास्त झोंबलं.

ऑगस्टमध्ये संधी आपणहून चालत आली. वेबसाइट ज्या प्लॅटफॉर्मवर चालते त्याची नवी आवृत्ती येणार होती, तीही ऐन पितृपक्षाच्या तोंडावर. जुनं काय चालेल आणि काय बंद पडेल याची यादी आधीच जाहीर झाली होती. शाळेतून आल्या आल्या, युनिफॉर्मही न बदलता, हिमानीने ती वाचली. सतराव्या मुद्द्यावर आली आणि एकटीच खुदकन हसली. तिचं तिथीचं गणित तिथे साफ आडवं होणार होतं. ती कुणाला काही बोलली नाही.

दोन दिवसांनी विश्वजीत आलाच. "हिमू, मंडळाने नव्या व्हर्जनचा प्लॅन मागितलाय. तू जरा देख ले न, काय काय तुटेल ते."

"तुला तर तोंडपाठ आहे न, दादा?"

"अरे यार, नाटक मत कर. बहीण आहेस ना माझी?"

"आहे की. चहा आणू?"

तो दार आपटून निघून गेला.

मग हिमानीने चौखंब्यातल्या झेरॉक्सवाल्याकडून सगळा प्रोग्राम छापून घेतला, एक्केचाळीस पानं, आणि गठ्ठा घेऊन रत्नाकरकाकांकडे गेली. काका मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी चाळीस वर्षं न्यायशास्त्र शिकवलं. कंप्यूटरमधलं त्यांना ओ की ठो कळत नाही, पण घोकून आलेला विद्यार्थी त्यांना दारातच ओळखू येतो.

"काका, तुमच्या वेळी शलाका परीक्षेत काय व्हायचं?"

काका खुलले. "पोथी मिटलेली. परीक्षक मध्येच सळई खुपसणार, जे पान उघडेल तिथलं समजावून सांगायचं. रट्टा मारणारा पहिल्या पानालाच गार!"

हिमानीने गठ्ठा पुढे सरकवला. "ह्याची घ्याल?"

"कोणाची घ्यायची?"

"ज्याला तोंडपाठ आहे त्याची."

काकांनी चष्मा पुसला. "तुला काय पाहिजे पोरी, न्याय की तमाशा?"

"दोन्ही."

रविवारी बालाजी घाटावरच्या सभागृहात पन्नासेक माणसं जमली. विश्वजीत ऐटीत उभा राहिला. "चिंता की कोई बात नहीं. बटण दाबायचं, नवं व्हर्जन सुरू. आपलं सगळं जसंच्या तसं चालेल."

"छान," रत्नाकरकाका म्हणाले. सभेत नेहमी विणत बसणाऱ्या शरदिनीकाकूंची एक सुई त्यांनी मागून घेतली आणि गठ्ठ्यात खुपसली. "आठवं पान. ही तिसरी ओळ काय करते?"

"ते... ते असतंच काका. सगळ्याच प्रोग्राममध्ये असतं."

सुई पुन्हा आत गेली. "तेविसावं. इथे चौदा हा आकडा कशाला?"

"सर्व्हरचा नंबर आहे तो."

"हिमानी, ऊठ. चौदा कशाला?"

हिमानी उठली. पाडव्याला याच सभागृहात तिचा आवाज हशात बुडाला होता. आज तो मागच्या भिंतीपर्यंत गेला.

"चौदा म्हणजे दुपारचे दोन. श्राद्धाला सूर्योदयाची तिथी धरत नाहीत, अपराह्णाची धरतात. म्हणून गणित दोन वाजताची तिथी बघतं."

पुढच्या रांगेतल्या गुरुजींनी एकदम माना डोलावल्या. हे तर त्यांचंच शास्त्र होतं.

"आणि नवी आवृत्ती आली की, वेळ कुठली ते वेगळं लिहिलं नसेल तर ग्रीनिचची धरली जाईल. आपले दोन म्हणजे काशीतले संध्याकाळचे साडेसात! तोवर कितीदा तरी तिथी बदललेली असते. दादाने नुसतं बटण दाबलं असतं तर कित्येकांच्या वडिलांचं श्राद्ध भलत्याच दिवशी झालं असतं."

सगळ्यांनी विश्वजीतकडे बघितलं. त्याचे कान लालबुंद झाले होते. हिमानीने ते डोळे भरून पाहिले.

"हे तुला कधी कळलं?" काकांनी विचारलं.

"तीन आठवडे झाले."

"आणि गप्प बसलीस?"

"आजची वाट बघत होते."

"ते चुकलं हो तुझं."

"हो काका," ती म्हणाली. पण तिला तसूभरही वाईट वाटलं नव्हतं.

"बरं, आता करायचं काय?"

"पहिलं काम, साइटवर हे कुणी केलं ते लिहायचं. आत्ताच. दादा लिहील."

विश्वजीतने हिमानीच्या आईकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. कुणीच जागचं हललं नाही. मग भिंतीवरच्या पडद्यावर एकेक अक्षर उमटत गेलं. हिमानीने त्याला नाव ठळक करायला लावलं. मग आणखी मोठं करायला लावलं.

"दुसरं, वेळेची ओळ मी आज बदलते. पण साइटची वेगळी प्रत काढून, त्यावर नवी आवृत्ती घालून, मागच्या दहा वर्षांच्या पितृपक्षांची प्रत्येक तिथी छापील पंचांगाशी ताडून बघावी लागेल. हातानेच."

"एवढं कोण करणार?" शरदिनीकाकूंनी विचारलं.

हिमानीने गोड आवाजात सांगितलं.

सोमवारी चार वाजता विश्वजीत दहा पंचांगं पसरून बसला होता. हिमानीने दप्तर टाकलं, खुर्ची ओढली आणि त्याची वही निवांतपणे वाचली.

"सातवी नोंद चुकली, दादा," ती म्हणाली. "पुन्हा पहिल्यापासून."