हवेचा डबा

मी एक जुना डबा आहे. काळ्या प्लास्टिकचा, चार क्लिपांचा, एका बाजूला हत्तीच्या सोंडेसारखी नळी असलेला. लोक डब्यात लाडू ठेवतात, रवा ठेवतात. माझ्यात हवा यायची, तीही क्षणभरच. सोंडेतून शिरायची, आतल्या कागदी फिल्टरच्या घड्यांवर धूळ टाकायची आणि स्वच्छ होऊन इंजिनात जायची. मित्रांनो, गाडीलाही नाक असतं. ते नाक मी होतो.

होतो.

जन्माचं फारसं आठवत नाही. साच्यातून बाहेर पडलो तेव्हा गरम होतो, मग गार झालो. माझी गाडी लाल, दोन दारांची, जमिनीला पोट टेकून धावणारी स्पोर्ट्स कार. रायपूरच्या एका डॉक्टरांनी ती हौसेने घेतली, कंबर धरल्यावर विकली. अशी ती भिलाईत, रिसालीतल्या अपूर्वाकडे आली.

अपूर्वा कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवायची. पण तिचं सगळं चित्त एका चाचणीत होतं. नागपूरजवळच्या एका बंद धावपट्टीवर ती होणार होती. तिथे सगळ्यांत कमी वेळात गाडी नेणाऱ्याला एक रेसिंग टीम वर्षभर गाडी देणार होती. वयाची अट पंचवीस. अपूर्वाला डिसेंबरात सव्वीस वर्षं पूर्ण होणार होती आणि चाचणी नोव्हेंबरात होती. म्हणजे हीच पहिली आणि हीच शेवटची.

तिचे वडील हिरालालजी. मूळचे भंडाऱ्याकडचे, सगळी नोकरी भिलाईच्या पोलाद कारखान्यात, सिंटर प्लांटमध्ये झाली. तिथे लोखंडाच्या खनिजाची भुकटी भाजून तिचे खडे करतात. हिरालालजी तिथल्या विजेच्या पॅनेलांची देखभाल करायचे. त्यांच्या शिफ्टमध्ये नव्या माणसाला पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवली जायची: जेथं तेल, तेथं धूळ, जेथं धूळ, तेथं ठिणगी. पॅनेलला कुणाचा तेलकट हात लागला, की त्यावर लोखंडी धूळ बसते आणि वीज तिच्यावरून उडी मारते. म्हणून पुसायचं. कोरडं, ठणठणीत पुसायचं. निवृत्तीनंतरही हिरालालजींच्या खांद्यावर फडकं असायचंच. पंखे, कुलपं, शिलाई मशीन, सगळं ते पुसून काढायचे. त्यांची बायको नलू म्हणायची, "मशीनले तेल पाजते मी अन् पुसून काढता तुमी. कावून जी, म्या शिवू का नको?"

आत्मवृत्तात इथे कौतुकाचं पान येतं. माझ्या आत्मवृत्तात ते नाही. मी धूळ अडवत होतो तोवर मला कोणी पाहिलंच नाही.

उन्हाळ्यात अपूर्वा वडिलांना सोबत घेऊन गाडीने पावर हाउस भागातल्या भय्याजींच्या गॅरेजमध्ये गेली. तिला गाडी आणखी चपळ हवी होती. भय्याजींनी बाकावर तीन वस्तू मांडल्या. पहिली, माझ्याच पोटात बसणारा कापडी फिल्टर. फरक थोडा, धोका नाही. दुसरी, बंपरमागून थंड हवा ओढणारा नवा बंद डबा. चांगला, पण पावसाच्या पाण्याला भिणारा. तिसरी, आइस्क्रीमच्या कोनासारखा उघडा कापडी फिल्टर. डबाच नाही. इंजिनाची गरम हवा लागू नये म्हणून बाजूला फक्त पत्र्याचा आडोसा.

भय्याजींचं मत पहिल्याच्या बाजूने होतं. भिलाईच्या हवेत उघडं नाक बरं नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. अपूर्वाने तिन्ही लावून गाडी चालवून पाहिली. उघडा कोन लावल्यावर ॲक्सिलरेटरवर पाय ठेवताच गाडी झेपावली आणि बॉनेटखालून वाघ गुरगुरावा असा आवाज आला. ती उतरली तेव्हा तिचा चेहरा मी बाकावरून पाहिला. निवड तिथेच झाली.

"ठीक आहे," भय्याजी म्हणाले. "पण एक ध्यानात ठेव. या कापडाले हे लाल तेल लावलं आहे ना, धूळ तेच पकडते. धुतला तर परत तेल लावाचं. कोरडा कधी चालवाचा नाही."

अपूर्वाने मान हलवली. हिरालालजी तेव्हा समोरच्या टपरीवर चहा सांगायला गेले होते.

मित्रांनो, माझी गोष्ट तिथेच बिघडली. त्या चहापाशी.

मला घरी आणलं आणि परसात धुण्याच्या दगडाजवळ ठेवलं. नलूने माझ्यात कपड्यांचे चिमटे भरले. मला वाईट वाटलं नाही. चिमट्यांनाही घर लागतं. अपूर्वा मात्र निघता निघता वडिलांना म्हणाली, की नव्या फिल्टरकडे लक्ष ठेवा, तो स्वच्छ राहिला पाहिजे. एवढंच. क्लासला उशीर होत होता.

पुढच्या रविवारी हिरालालजींनी तो कोन काढून आणला. बोटाला लाल तेल लागलं. त्यांनी ते हुंगलं, चोळून पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. तेल. म्हणजे धूळ. दुकानवाल्याने मुलीला फसवलं, असं ते नलूला म्हणाले. मग कपड्यांच्या पावडरीत त्यांनी तो बुडवला आणि घडी घडी उलगडून बोटांनी धुतला. पोराचे कान धुवावेत तसा. उन्हात वाळवला, फडक्याने पुसला, परत बसवला.

मी दगडापाशीच होतो. माझ्या तोंडात चिमटे होते.

नंतरच्या रविवारीही तसंच. त्याच्या पुढच्याही. नलू म्हणाली, "पोरीचं नाक एवढ्या मायेनं नाही पुसलं कधी." हिरालालजी हसले. अपूर्वा घाईत बॉनेट उघडायची, पांढराशुभ्र कोन पाहायची आणि तेलाचं विसरून खूश व्हायची. एकदा तर म्हणाली, "बाबा, गाडी आता जास्त मोकळा श्वास घेऊन राहिली." ते खरंच होतं. कोरड्या कापडातून सगळंच मोकळं जातं. ट्रकांनी उडवलेली लाल माती, सरावाच्या रस्त्यावरच्या खडीची पूड, कणाकणाने लोखंड.

दिवाळीनंतर गाडी निळसर धूर सोडू लागली. अपूर्वाला तो थंडीचा वाटला. चाचणीच्या आदल्या दिवशी ती नागपूरला निघाली. राजनांदगावच्या पुढे गाडीचं बळ गेलं. चढाच्या मधोमध ती खोकत खोकत थांबली. टो करून पावर हाउसला आणली. भय्याजींनी फोन करून सांगितलं, जुना डबा घेऊन या. हिरालालजी मला मांडीवर घेऊन ऑटोत बसले. चिमटे काढायचं त्यांना सुचलं नाही. जुना डबा लावला की गाडी उठेल, असं त्यांना वाटत असावं. ते मला दोन्ही हातांनी धरून होते.

भय्याजींनी तोवर इंजिन उघडलं होतं. आत ओरखडेच ओरखडे. त्यांनी फिल्टरमागच्या नळीत बोट फिरवलं. बोट तांबडं झालं. मग कोन हातात घेतला आणि त्याचं कापड चिमटीत चोळून पाहिलं.

"तेल कोनं काढलं याचं?"

हिरालालजींचं तोंड उघडलं.

"मी," अपूर्वा म्हणाली. "मीच धुतला. लावाचं विसरली."

"तुले सांगतलं होतं ना मी, कोरडा चालवाचा नाही म्हणून."

"विसरली ना भय्याजी." मग मागे न पाहता ती म्हणाली, "बाबा, चाय सांगा ना तिघांले."

हिरालालजी उठले. मला बाकावर ठेवलं. चहा सांगून आले. तो कोणीच प्यायला नाही.

चाचणी झाली. तिच्याविना झाली. मी चिमट्यांसकट परत परसात, दगडापाशी आलो. अपूर्वा क्लासला जाऊ लागली. घरात कोणी त्या फिल्टरचं नाव काढलं नाही. एका संध्याकाळी हिरालालजी परसात तिच्यामागे आले. "अपू, तो फिल्टर म्या..."

"बाबा, छोड़ो ना," ती म्हणाली. "हो गया।"

ती घरात एरवी हिंदी बोलत नसे.

त्या दिवसापासून फडकं खुंटीला गेलं. पंख्यांवर राप चढला. नलूने विचारलं, कावून पुसत नाही? ते म्हणाले, राहू दे. मी दगडापाशी होतो म्हणून मला एक दिसलं. अपूर्वा रोज संध्याकाळी आपले धुळीने माखलेले बूट मुद्दाम परसात मधोमध काढून ठेवायची. पूर्वी सकाळी ते चकचकीत झालेले असायचे. आता सकाळी ती त्यांच्याकडे पाहायची आणि तसेच घालून जायची.

तिने रागवायला हवं होतं, मित्रांनो. "बाबा, हे काय केलं तुमी," असं एकदा ओरडायला हवं होतं. मग त्यांनी माफी मागितली असती, तीही रडली असती आणि कदाचित...

काल गाडीचा सांगाडा विकला गेला. जवळच्या चरोद्याचं एक गिऱ्हाईक आलं. त्याला मूळ डबाही हवा होता. हिरालालजींनी माझ्यातले चिमटे दगडावर ओतले. माझ्यावर बोटभर लाल धूळ होती. त्यांचा हात खुंटीकडे गेला, फडक्याला लागला आणि तिथेच थांबला. दारात अपूर्वा उभी होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग त्यांनी हात खाली घेतला आणि मला तसंच, धुळीसकट, परक्या माणसाच्या हातात दिलं.

मित्रांनो, वस्तू जपा. पण जो जपतो त्याला आधी नीट सांगा, कसं जपायचं ते. आणि एवढं सांगूनही त्याच्या हातून काही बिघडलं, तर त्याच्यावर रागवा, भांडा, दोन दिवस अबोला धरा. नुसतं माफ करून त्याच्या हातातलं फडकं काढून घेऊ नका.