पाच बोल्टांचं माप

माझी बायको बुरुलचा शिर्डाक करते. बडवलेल्या लोकरीचे दोन रंगांचे नमदे एकावर एक ठेवायचे, सुरीने दोन्हींतून एकदमच नक्षी कापायची, मग ह्याचा तुकडा त्यात आणि त्याचा ह्यात बसवून गालिचा शिवायचा. आमच्या आत-बाशी गावात तिच्या हातचा शिर्डाक लग्नात द्यायला लोक वर्षभर थांबतात. मी शार्शेन, मधमाश्या पाळतो. गोष्ट तिची आहे, पण सुरुवात माझ्या फजितीपासून करावी लागते.

त्या हिवाळ्यात मी जुन्या कोलखोजच्या, म्हणजे सरकारी सामुदायिक शेतीच्या, आवारातून एक ट्रेलर विकत घेतला. दर उन्हाळ्यात चाळीस पेट्या भाड्याच्या ट्रकवर चढवायच्या आणि वर कुरणात नेऊन उतरवायच्या, यात माझी कंबर गेली होती. ट्रेलरवर पेट्या दोन रांगांत कायमच्या बसवल्या की नुसतं ओढून न्यायचं काम. सांगाडा भक्कम होता. पुढची चाकं शाबूत होती. मागची मात्र कुणीतरी कधीच काढून नेलेली, आणि मागचा भाग लाकडाच्या ठोकळ्यांवर टेकवलेला. त्या काळच्या कारागिरांनी हाताला लागेल ते जोडलं होतं. चाक ज्यावर बसतं त्या हबला पुढे सहा बोल्ट, मागे पाच. मागचा अॅक्सल कुठल्या गाडीचा, हे सांगणारा माणूस आता गावात उरला नव्हता.

"पाच तर पाच," मी म्हणालो. "पाच भोकांची चाकं जगात थोडी आहेत का?"

थोडी नव्हती. मी नारिनच्या बाजारातून दोन घेऊन आलो. हबला लावून बघतो तर एक बोल्ट भोकात, बाकीचे चार बाहेर. दुसऱ्या खेपेला मी टेप घेऊन बसलो, शेजारच्या दोन बोल्टांमधलं अंतर मोजलं, फोनवर फोटोही काढला. विकणारा फोटो बघून म्हणाला, "बाइके, दादा, डोळे मिटून न्या." मी नेली. या वेळी दोन बोल्ट आत गेले, तिसरा भोकाच्या काठावर अडला. अर्ध्या बोटाचा फरक, पण अर्ध्या बोटाने काय, केसानेही चाक बसत नाही.

शेजारी जोल्चुबेक कुंपणाला टेकून हे सगळं बघत होता. त्याच्याही माश्या आहेत आणि त्याच्याकडे ट्रक आहे, म्हणून त्याला बोलायचा हक्क आहे असं तो समजतो.

"शार्शेन, आता चाकांचं दुकानच काढ," तो म्हणाला. "चार जमलीच आहेत."

"हब काढून देतोस का? नमुना म्हणून घेऊन जातो."

त्याने हबचा नट हातोडीने ठोकून बघितला. गंजून एकजीव झाला होता. "जोर लावला तर अॅक्सलच मोडेल," तो म्हणाला. "तसाच राहू दे."

वरच्या कुरणातलं एस्पार्सेट फुलायला जेमतेम आठवडा होता. ती गुलाबी फुलं आली की पेट्या वर असायलाच हव्यात, नाहीतर वर्षाचा पांढरा मध गेला. संध्याकाळी मी त्या हबसमोर पालथ्या बादलीवर बसून राहिलो होतो. बुरुलचा गाईचं दूध काढून येत होती. ती थांबली.

"तुम्ही दोन बोल्टांमधलं मोजलंत," ती म्हणाली. "पण ते पाचही एका गोलावर आहेत. तो गोल कुठे मोजलात?"

"पाच बोल्ट आहेत. समोरासमोर कुणीच येत नाही. मोजणार कसा?"

"मोजायचा कशाला? आख्खाच उचलून न्यायचा."

ती घरातून नमद्याचा एक जाड तुकडा घेऊन आली. आधी तिने हबचा गंज काचपेपरने घासायला लावला, तेही मलाच. मग बोल्टांच्या टोकांना आणि मधल्या उंचवट्याला तेलात कालवलेली काजळी फासली, नमदा त्यावर टेकवला आणि मला म्हणाली, "धरा. हलवू नका." मुठीने तिने तो चारही बाजूंनी ठोकला. उलटून बघितला तर पाच काळे ठिपके आणि मध्ये मोठं वर्तुळ. ती जमिनीवरच बसली आणि सुरीने सहाही भोकं कापली. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "नमदा ताणला जातो. माप बदलेल."

"ताणून दाखवा."

मी दोन्ही हातांनी ओढला. तिने बडवून बडवून घट्ट केलेला नमदा होता, तो कशाला ताणतोय. तिने तो हबवर सरकवला. पाचही बोल्टांवरून तो असा गेला की मला माझ्या दोन्ही खेपांची लाज वाटली.

"द्या, उद्या मी घेऊन जातो," मी म्हणालो.

"मीच जाते."

"भंगारवाल्यांच्या आवारात तू? लोक काय म्हणतील?"

"तुम्ही गेलात की विकणारा म्हणणार, बसतंय. आणि तुम्ही म्हणणार, बरं."

दोन्ही वेळा झालं होतं अगदी तसंच. निघताना तिने बोल्टाचा एक नट खिशात टाकला, आणि हबपासून मागे सांगाड्यापर्यंत किती जागा आहे ते एका दोऱ्याला गाठ मारून घेतलं.

जोल्चुबेकला बालिक्ची शहरात जायचंच होतं, आणि तिथे भंगार नारिनपेक्षा जास्त मिळतं. आम्ही तिघं त्याच्या ट्रकमध्ये बसलो. वाटभर तो चिडवत होता. "वहिनी, चाकांखाली गालिचा अंथरणार की वर?" बुरुलचा खिडकीतून बाहेर बघत होती. डोलोनचा घाट उतरल्यावर ती एवढंच म्हणाली, "जोल्चुबेक, तुझ्या सासूच्या शिर्डाकाचे कोपरे मी तीनदा उसवून परत शिवलेत. घाई केली असती तर एका हिवाळ्यात उसवला असता." 

बालिक्चीच्या सरोवराजवळ अब्दिल्दा नावाच्या माणसाचं भंगाराचं मोठं आवार आहे. माणूस आडव्या अंगाचा, हातात सूर्यफुलाच्या बिया. बुरुलचाच्या हातात नमदा बघून तो म्हणाला, "एजे, ताई, लोकरीचा बाजार पलीकडच्या गल्लीत."

"माझं काम चाकांशी आहे," ती म्हणाली, आणि थेट चाकांच्या ढिगाकडे गेली.

ती एकेका चाकावर नमदा टेकवायची, भोकांत बोट घालून फिरवायची, उचलायची, पुढे जायची. अब्दिल्दाची माणसं काम सोडून बघत उभी राहिली. कुणीतरी हसलंही. मला तिच्या बाजूला उभं राहायला संकोच वाटत होता, खोटं कशाला बोलू. तीसेक चाकं झाली असतील. मग एकावर पाचही भोकं जुळली.

"झालं की," अब्दिल्दा म्हणाला. "म्हणालो नव्हतो? घेऊन जा."

तिने खिशातला नट काढला आणि भोकात दाबला. नटाचं तोंड निमुळतं होतं, चाकाचं भोक सरळ. "नट नुसता काठावर टेकतोय," ती म्हणाली. "चढावर दहा वळणांत सैल होईल. यावर माझ्या नवऱ्याच्या चाळीस पेट्या असतील."

"एजे, सगळे असेच वापरतात."

"वापरत असतील."

तो पुटपुटत बाजूला झाला. आणि ती आवाराच्या मागच्या कोपऱ्याकडे निघाली, जिथे ताडपत्रीखाली सैन्याची एक जुनी फिरती भट्टी उभी होती, चिमणीसकट, दोन चाकांवर.

"ते नाही," अब्दिल्दा मागून म्हणाला. "ते आख्खं विकायचंय. लोक लग्नाला पुलाव शिजवायला नेतात."

"चाकांशिवाय पुलाव शिजत नाही का?"

जोल्चुबेक आधी हसला, मग अब्दिल्दाची माणसं, आणि शेवटी अब्दिल्दाही. त्याने जॅक आणायला सांगितला. मी आणि जोल्चुबेकने एक चाक खोलून काढलं. बुरुलचाने भोकांमधला चिखल डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने पुसला, नमदा टेकवला. पाच. मधलं वर्तुळ बरोबर. नट दाबला तर तो भोकात असा बसला की बोटाने काढता येईना. मग तिने चाकाच्या पाठीवर आडवी काठी ठेवली, दोरा लावला, गाठ बघितली. "दोन बोटं जागा राहते," ती म्हणाली. "टायर सांगाड्याला घासणार नाही. दुसरंही खोला."

अब्दिल्दाने हातातल्या बिया खिशात टाकल्या. "एजे, तुम्ही कुठल्या गॅरेजात होतात?"

"गॅरेजात नव्हते. मी नमदा कापते. तो जवाच्या दाण्याएवढा चुकला तरी सबंध गालिचा बोलतो."

भावाची फार ओढाताण झाली नाही. उलट त्यानेच चहा मागवला, सरोवरातल्या धुरावलेल्या माशांची एक जुडी आमच्या ट्रकमध्ये टाकली, आणि मग जरा अडखळत म्हणाला की त्याच्या मेव्हण्याचं एक पेरणीयंत्र दोन वर्षं ठोकळ्यांवर उभं आहे, हबला कुठलंच चाक बसत नाही.

"बोल्ट दाखवा," ती म्हणाली.

यंत्र त्याच आवारात होतं. ती परत जमिनीवर बसली, काजळी मागवली, आणि तो आडदांड माणूस तिच्या सांगण्यावरून नमदा धरून उभा राहिला. हलायचं नाही म्हटल्यावर श्वासही रोखून. मी जरा लांब, ट्रकच्या पायरीवर बसून बघत होतो. सकाळचा संकोच कुठे गेला ते कळलंच नाही. एका अनोळखी गिऱ्हाइकाने माझ्याजवळ येऊन विचारलं, "ही बाई कोण हो?"

"माझी बायको," मी म्हणालो. गरज होती त्यापेक्षा बऱ्याच मोठ्याने.

दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात अर्धी गल्ली जमली. चाक मी आणि जोल्चुबेकने उचललं, हबसमोर धरलं, आणि ढकललं. एकाच ढकलीत गेलं, दुसरंही तसंच. नट आवळून झाल्यावर जोल्चुबेकने एकेक चाक हाताने गरकन फिरवलं आणि डोळा बारीक करून काठाकडे बघत राहिला. कुठेच डुगडुगत नव्हतं.

"वहिनी," तो म्हणाला, "माझं तोंड एक आठवडा बंद."

"तीन दिवस पुरे," ती म्हणाली. "आठवडा तुला झेपायचा नाही."

पेट्या बसवायला चार दिवस गेले. पहाटे माश्या आत असताना आम्ही दारं बंद केली आणि जोल्चुबेकच्या ट्रकने ट्रेलर ओढत निघालो. चढावर मी तीनदा गाडी थांबवायला लावून नट तपासले. तीनही वेळा ते होते तसेच घट्ट होते. तिसऱ्यांदा बुरुलचा म्हणाली, "आता पुरे करा, माश्यांना उकडतंय." वर पोचलो तेव्हा एस्पार्सेट फुलायला नुकतं लागलं होतं, उतारावर कुठे कुठे गुलाबी. त्या वर्षी मध असा आला की डबे कमी पडले.

पण मला सांगायचंय ते मधाचं नाही. वर पोचल्यावर दोनच दिवसांनी जोल्चुबेकची बायको आमच्या तंबूत चहाला आली आणि बुरुलचाने तिला बालिक्चीची सगळी हकीकत सांगितली. अब्दिल्दा कसा बोलला, माणसं कशी हसली, मग कशी थांबली. हात पसरून, आवाज काढून, मध्येच उठून उभी राहून. पंचवीस वर्षांच्या संसारात तिने स्वतःची तारीफ केलेली मी कधी ऐकली नव्हती. गालिचा कुणी वाखाणला तर ती लोकर चांगली होती म्हणायची. मी बाहेर पेट्यांची झाकणं उघडत होतो. काही ठिकाणी ती बरंच वाढवून सांगत होती. मी आत जाऊन दुरुस्त केलं नाही. काम सावकाश केलं, सगळं ऐकू यावं म्हणून.