रविवारच्या भाकरीआधी

पांढरकवड्याच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत एक नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, पण तो मोडायची कुणाची छातीही नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाची भाकर, म्हणजे बिनमिठाची पोळी, जी बाई भाजते तिचा कुणाशीही अबोला असता कामा नये. अकरा वर्षं तो मान शीलाकडे होता. हायवेवर तिची खानावळ होती. ट्रकवाले तिच्या पोळ्यांवर जीव टाकत आणि तिच्या तोंडाला वचकून असत.

या खेपेला मात्र तिचा अबोला होता, आणि तोही धाकट्या जावेशी, उज्ज्वलाशी.

झालं असं, की बुधवारी बायकांच्या प्रार्थनेत उज्ज्वलानं डोळे मिटून, मोठ्या आवाजात देवाला सांगितलं, "प्रभू, आमच्या शीलाताईच्या जिभेले लगाम दे." पंधरा बायका एका सुरात आमेन म्हणाल्या. शीलाही म्हणाली, सवयीनं! मग आपण कशाला आमेन म्हटलं ते तिच्या डोक्यात शिरलं आणि ती तरातरा घरी निघून आली. चुगली करायची तर चौकात करावी, देवाच्या कानाशी कशाला लागायचं? तेव्हापासून तिनं उज्ज्वलाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

शनिवारी दुपारी मंडळीचे पाळकसाहेब खानावळीत आले. "शीलाबाई, उद्याची भाकर तुम्हीच भाजून राह्यल्या ना? का दुसऱ्या कोणाले सांगू?"

"मीच भाजतो," शीला म्हणाली. साहेबांनी मान डोलावली आणि काढता पाय घेतला. माणूस शहाणा होता.

आता सकाळच्या आत अबोला सोडणं आलं. शीलाला त्यात काही अवघड वाटलं नाही. क्षमाच करायची ना? पदराला हात पुसून ती तडक शेजारी, उज्ज्वलाच्या दारात जाऊन उभी राहिली.

"उज्ज्वला, मी तुले माफ केलं."

उज्ज्वला तूर निवडत होती. तिनं मानही वर केली नाही. "मी कुठं मागतली माफी?"

शीलाच्या तोंडाशी उत्तरांची रीघ लागली. उज्ज्वलाच्या माहेरापासून तिच्या पाणचट वरणापर्यंत सगळं तयार होतं. तोंड उघडलंही, पण उज्ज्वला सुपातली निवडलेलीच तूर पुन्हा निवडताना दिसली, आणि तिला नाताळ आठवला. नाताळच्या जेवणात सगळ्यांदेखत शीला म्हणाली होती, "हिच्या पोळ्या बैलंही हुंगत नाही." तेव्हा उज्ज्वला सगळ्यांबरोबर हसली होती आणि मग मागच्या अंगणात एकटीच बसून राहिली होती. शीलानं ते पाहिलं होतं. पाहूनही ती वाढतच राहिली होती. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. क्षमा करायला म्हणून आली खरी, पण सगळा जीव त्या भाकरीच्या मानात अडकलेला.

ती उंबऱ्यातच खाली बसली. "माफी मले मागाची हाय. नाताळात तुह्या पोळ्यांवर बोलली मी. चुकली."

उज्ज्वलाचा हात थांबला. मग डोळे पुसत म्हणाली, "ताई, मी बी ते प्रार्थना देवासाठी नोती केली. बायकांले ऐकू जावं म्हणून केली."

"मग उद्याची भाकर तू भाज."

"मी? कायले ताई! माही पोळी वाकडी होते. लोकं हसतीन."

"आजवर हसणारी मीच होती," शीला म्हणाली आणि सूप आपल्याकडे ओढून तूर निवडायला लागली. "आता कोण हसते, पाहतोच मी."