बुडाखालचं नाव

"खाली कुणा भलत्याचंच नाव हुतं की," सलिमा म्हणाली. "आदी ते घासून काढाय लावलं, मग तुमचं घातलं. नऊच्या नऊ भांड्यांवर."

रहिमान शिकलगारने हातातली निळ्या नक्षीची थाळी पालथी केली होती, ती तशीच धरून तो उभा राहिला. परवापर्यंत तिच्या बुडाला निळ्या रंगातली सहा चिनी अक्षरं होती, दोन ओळींत, सुबक. आता तिथे पांढरट खरवडा होता आणि त्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं: रहिमान शिकलगार, कुपवाड.

"कुणाकडनं?"

"हरिबाकडनं. भांड्यांच्या दुकानाम्होरं मशीन घिऊन बसतो त्यो. तुमी काल मिरजंला दात बसवाय गेला हुता, तवा घरी बोलावला. चिनीमातीवर सुई घसरती म्हणून लय कुरकुरला, पर मी सोडला न्हाई."

बायको सांगत होती आणि तिचा चेहरा नुसता फुलला होता. बिननावाचं भांडं लग्नकार्याला घराबाहेर गेलं की परत येत नाही, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. सलिमाच्या माहेरची अर्धी भांडी अशीच गेली होती. मग नवऱ्याने तीस वर्षं जिवापाड जपलेली भांडी पुण्याला जाणार, तर ती मोकळ्या बुडाने कशी धाडायची? बुडाखालचं ते निळं लिखाण म्हणजे तिच्या लेखी आधीच्या मालकाचं नाव. उद्या कोणी चोरीची म्हणालं तर?

रहिमानची सगळी हयात कुपवाडच्या एका कारखान्यात लेथवर गेली. तिथे शेठच्या टेबलावर एक चिनी वाडगा होता, त्यात टाचण्या असायच्या. एकदा सहज त्याने काठावरून बोट फिरवलं, मग जाडी मोजायचा व्हर्नियर लावून पाहिला. चाकावर हाताने फिरवून केलेली वस्तू, आणि काठाच्या जाडीत फरक केसाएवढा. टर्नर माणूस, तिथेच खुळावला. शेठने हसत हसत तो वाडगा त्याला देऊन टाकला.

पुढे रविवार आला की स्वारी बाहेर. वाईला एका भटजींच्या घरी असल्याच भांड्यात तुळस लावलेली, मलकापुरात एका पानवाल्याकडे चुना कालवलेला. रहिमान बदल्यात स्टीलचा कोरा करकरीत डबा द्यायचा आणि दोघंही खुशीत, आपण समोरच्याला बनवलं म्हणून. भाऊबंद म्हणायचे, रहिमानला जुन्या बश्यांचं याड लागलंय. म्हणोत. भिंग घेऊन, पुस्तकं धुंडाळून तो खरं-खोटं ओळखायला शिकला होता, आणि खोटं निघालेलं त्याने घरात ठेवलं नव्हतं.

विकायचं त्याच्या मनात कधी आलं नाही. त्याला एवढंच हवं होतं की कुठेतरी एका काचेच्या कपाटात ही नऊ भांडी मांडावीत, आणि खाली चिठ्ठी असावी: भेट, रहिमान शिकलगार, टर्नर. 'टर्नर' गाळता कामा नये, हे त्याने पुण्याच्या संग्रहालयातल्या अक्षता मॅडमना दोनदा बजावलं होतं. थाळीच्या बुडाचा फोटो पाहून मॅडम म्हणाल्या होत्या, "ही सहा अक्षरं खरी असतील तर तीनशे वर्षांपूर्वीची वस्तू आहे. पण हातात घेतल्याशिवाय मी बोलणार नाही." त्या आज अकरा वाजता यायच्या होत्या.

ओरडावं, थाळी भिंतीवर आपटावी, असं रहिमानला क्षणभर वाटलं. पण सलिमा ईदची साडी नेसून उभी होती. तीस वर्षांत ही भांडी तिनेच पुसली होती, एकाचा टवकासुद्धा उडू दिला नव्हता.

"बरं केलंस," तो म्हणाला.

मॅडम वेळेवर आल्या. त्यांनी थाळी उचलली, पालथी केली आणि खरवड्यावरून बोट फिरवलं. मग दुसरं भांडं, तिसरं. सगळी पाहून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"फोटोत अक्षरं होती."

"हुती."

"कोणी केलं हे?"

सलिमा चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती.

"मीच," रहिमान म्हणाला. "आमच्यात भांडं घराबाहीर जाताना नाव घालत्यात."

"शिकलगार, तुम्हाला तर सगळं माहीत होतं. आमच्या ऑफिसात मी तुमचं उदाहरण द्यायचे."

तीस वर्षांत त्याने एकच गोष्ट कमावली होती, जाणकार म्हणून या बाईच्या मनातली पत. ती त्याने स्वतःच्या हाताने घालवली. फार लागलं ते त्याला, थाळीपेक्षाही जास्त.

तो गाडीपर्यंत पोचवायला गेला.

"संग्रहालयाची समिती आता नाही घेणार हो," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या.

"एकबी?"

"एकही नाही."

गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी तो रस्त्याकडे बघत उभा होता. आता कुणाला दाखवायचं, आणि कशासाठी, हे काही केल्या सुचेना. मग चपला काढून तो घरात आला.

"काय म्हणाल्या?" सलिमाने विचारलं.

"पसंत हायत. तितं जागा झाली की न्हेतील."

"कवा हुईल जागा?"

"हुईल की."

ती समाधानाने खाली बसली. एकेक भांडं फडक्याने पुसून त्याच्यापुढे पालथं ठेवू लागली. "आवं, येवढं वाचा बघू. हरिबा घाईत हुता, मला कुटं वाचाय येतंय? भलतंच घातलं असंल तर आत्ताच त्याला बोलावती."

रहिमानने भिंग लावलं नाही. "रहिमान शिकलगार, कुपवाड," त्याने वाचलं.

"ह्ये?"

"रहिमान शिकलगार, कुपवाड."

असं आठ वेळा झालं. शेवटच्या इवल्या पेल्याच्या बुडाला हरिबाला जागा पुरली नव्हती, 'रहि' एवढंच घालून त्याने सोडून दिलं होतं. सलिमा वाट बघत होती. रहिमानने पेला उजेडाकडे धरला आणि पूर्ण नाव वाचलं.