साफ

“साफ! बघा रूपराव, एकदम साफ!” सरांनी काचेची बशी काळ्या कागदावर धरली. बशीभर बुरशीची पांढरी लव उगवली होती आणि ओव्याच्या तेलाचा थेंब पडला तिथे मधोमध मोकळा गोल.

वर्ध्याच्या त्या कॉलेजात रूपराव प्रयोगशाळेचे शिपाई. ओवा उकळून, वाफ थंड करून तेल काढायचं काम त्यांचं. त्यात बुरशी मारणारं थायमॉल किती, हे परिषदांमध्ये जाऊन सांगायचं काम सरांचं. तेल अजून कोणाच्या अंगाला लावून पाहिलेलं नव्हतं. बशीला डोळे नसतात.

हिंगणीला घरी त्यांच्या बायकोच्या, कोकिळाच्या, डोळ्यात तुराटी घुसली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बुबुळावर बुरशी धरलीय, औषध घालत राहा, वेळ लागेल. ‘बुरशी’ ऐकून रूपरावांना बरंच वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच रोग ओळखीतला निघाला होता.

एका संध्याकाळी ते लहानशी बाटली खिशात घालून आले.

“जळजळ होईन थोडी. पण साफ होते. मी रोज पाह्यतो.”

“तुमच्या सरायचं हाय ना? मंग टाका,” कोकिळा म्हणाली आणि तिनं मान वर केली.

तिच्या ओरडण्यानं गल्ली जमा झाली.

“काय घातलंत डोळ्यात?” दवाखान्यात डॉक्टरीणबाई संतापल्या होत्या. रूपराव तोंड उघडणार, तोच कोकिळानं त्यांचा हात दाबला.

“गावातल्या एका बाईनं पाल्याचा रस पिळला, मॅडम.”

बाई रूपरावांकडे वळल्या. “तुम्ही तर सायन्स कॉलेजात आहात. बायकोला समजावता येत नाही?”

“समजावतो,” रूपराव म्हणाले.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, “खरं काऊन नाई सांगू देलं?”

“डोया तं गेलाच. चोरीचं तेल म्हणून नोकरी काऊन घालवता?”

पुढे सरांचा तेलावरचा शोधनिबंध छापून आला. पेढे वाटले. वर्तमानपत्रासाठी फोटो हवा म्हणून सरांनी बशी रूपरावांच्या हाती दिली आणि स्वतः मागे काळा कागद धरून उभे राहिले.

“थोडी वर धरा, रूपराव.”

रूपरावांनी बशी वर केली. पांढऱ्यात मधोमध काळा गोल. घरी, कोकिळाच्या डोळ्यात, तो उलटा होता, काळ्यात पांढरा.

“आता? नीट दिसतंय?” सरांनी कागदामागून विचारलं.

“साफ दिसते, सर.”