पोटाखालची निळी पट्टी

मी एक जुना विजेचा हीटर आहे. तोंड जळून काळं पडलेलं, जाळीची एक काडी वाकलेली. मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तू क्षमा करायला शिकवतात असं तुम्ही ऐकलं असेल. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका.

कारखान्यात माझ्या पोटाखाली एक छोटा खटका बसवला होता. मी सरळ उभा असलो की तो दाबलेला राही. कलंडलो की सुटे आणि मी आपोआप विझे. माझं सगळं शहाणपण त्या खटक्यात होतं.

मला एका निवृत्त बसचालकाने घेतलं. बायको गेल्यावर ते चाकांवरच्या घरात राहत. आत एक पलंग, एक खुर्ची आणि चहाचे दोन कप, दुसरा लेकीचा. मला ते थेट भिंतीतल्या सॉकेटला जोडत, लांबवलेल्या वायरीवर कधीच नाही. पलंगापासून दूर ठेवत, माझ्यावर साधा रुमालही वाळवत नसत. झोपताना बंद करत. लेक "बाबा, किती जपता!" अशी थट्टा करायची, तर म्हणत, "चालक झोपला की इंजिनही झोपलं पाहिजे, बाळ."

मग एका हिवाळ्यात गाडी उतारावर लावावी लागली. माझा एक पाय अधांतरी राही, खटका सुटे, मी विझे. बाबा कुडकुडत. त्यांनी मला गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडे नेलं. झटपट कामामुळे सगळे त्याला जादूगार म्हणत. चिकटपट्टीचं निळं रीळ तो बांगडीसारखं मनगटात घालून हिंडे.

खरं तर चाकांखाली फळ्या सरकवून गाडी समतल करायची, एवढंच काम होतं. त्याने मला उलटं केलं, खटका दाबला आणि वर पट्टी मारली.

"घ्या काका. आता आडवा पडला तरी बंद व्हायचा नाही."

"पण तो खटका कशासाठी असतो?"

"कंपन्यांचे चोचले हो."

मिस्त्रीने पास केलेली गाडी चालकाने निमूट चालवायची, ही बाबांची जन्मभराची शिस्त. त्यांनी मान डोलावली.

एका दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. मांडीवरची रजई घसरली आणि माझ्या वायरीत अडकली. मी तोंडावर पडलो, रजईवरच. मला विझायचं होतं. विझता आलं नाही. ज्वाळा फारशा उठल्या नाहीत; बंद गाडीत धूरच पुरेसा झाला.

बाबा गेल्यावर भेटायला आलेल्यांना जादूगार सांगत होता, "जुनाट डबडं. मी म्हटलं होतं, फेकून द्या काका. शेवटी त्यानेच खाल्लं त्यांना." मुक्या वस्तूच्या नावावर काहीही खपतं.

लेकीने मला फेकण्यासाठीच उचललं होतं. तळाच्या निळ्या पट्टीला तिचं बोट अडलं.

ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांनी भरलेल्या त्याच्या दुकानात गेली आणि मला टेबलावर उलटं ठेवलं.

"ही पट्टी तुम्ही लावलीत?"

"छे. काकांनीच लावली असेल. म्हाताऱ्या माणसांचे उद्योग."

"तुमच्या मनगटात आहे तीच."

"बाजारात ती मला एकट्यालाच मिळते का, ताई?"

रांगेतली एक बाई बाहेर गेली. आपल्याही चाकांवरच्या घरातला हीटर आणून तिने माझ्याशेजारी उलटा ठेवला. निळी पट्टी.

"ही कोणी लावली मग?" ती म्हणाली. "याच्यासमोर माझं बाळ रांगतं."

तिच्यामागून आणखी एकजण उठला. मग आणखी एक. टेबलावर आम्ही सगळे पाय वर करून पडलो होतो.

"काढा," लेक म्हणाली. "सगळ्यांच्या. यांच्यासमोर."

तो नखांनी पट्ट्या सोलत राहिला. माझ्या पट्टीवर आला, तेव्हा तिने त्याचा हात थांबवला. "ही राहू दे. आणि हा इथेच राहील, तुमच्या डोळ्यांसमोर. कोणी विचारलं तर खरं सांगायचं. मी येऊन बघत जाईन."

ती येते. बसत नाही, त्याने पुढे केलेला चहाही घेत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरचा हीटर बंद करून गार होऊ द्या आणि एकदा उलटा करून बघा. त्याचा खटका मोकळा असू द्या. डोळा लागण्याआधी त्याला विझवा. तुम्ही तेवढं करा. माझं काम वेगळं आहे. थंडी पडली की दुकानात नवीन माणसं येतात, माझं काळं तोंड बघून विचारतात, "हे काय हो?" जादूगार खाली बघतो. मी वाट बघतो. त्याला सांगावंच लागतं.