मारिसोलची जागा

उपासना वासनिक मूळची नागपूरची. नर्सिंग करून अमेरिकेत आली, बरीच वर्षं हॉस्पिटलात काढली, आणि पाठीनं दगा दिल्यावर पिस्कॅटवेजवळच्या एका हायस्कूलमध्ये आरोग्यसेवेचा विषय शिकवू लागली. शाळा सुटली की तिच्याच वर्गात विद्यार्थी संघटना भरायची. पुढे नर्स, टेक्निशियन होऊ पाहणारी मुलं तिथे सभा चालवायला, चार लोकांसमोर बोलायला शिकायची, स्पर्धांना जायची.

प्रीता आणि मारिसोल ही त्यातली प्रथमोपचाराची जोडी. प्रीताचे आईवडील पुण्याचे, दोघंही आयटीत. मारिसोलची आई लोकांच्या घरी जाऊन म्हाताऱ्यांचं हवं-नको बघायची. पहिल्या वर्षी मारिसोलच्या तोंडून शब्द फुटत नसे. यंदा राज्याच्या स्पर्धेत मात्र तिनं पुतळ्याच्या छातीवर दाब देता देता परीक्षकांनाच दरडावलं, "मागे सरका, मला जागा हवीय!" परीक्षक खरोखर मागे सरकले. दोघी पहिल्या आल्या. उन्हाळ्यात राष्ट्रीय स्पर्धा होती.

आणि प्राचार्यांनी उपासनाला बोलावून घेतलं. संघटनेला मिळणारं सरकारी अनुदान बंद झालं होतं. "ज्यांना जायचंय त्यांनी आपापल्या खर्चानं जावं," ते तिची नजर टाळत म्हणाले.

उपासनानं फोन केले, शाळा मंडळाच्या बैठकीत जाऊन बोलली. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आभारही मानले. मुलांनी गाड्या धुतल्या, केक विकले. त्यातून काय होणार होतं?

तेवढ्यात प्रीताच्या आईचा, रीमाचा फोन आला. "टेन्शन घेऊ नकोस यार. मारिसोलचं आम्ही बघतो. अगं, पार्टनर नसेल तर प्रीता जाणार कशी? कॉलेज ॲप्लिकेशनला हे किती इम्पॉर्टंट आहे!"

रीमाच्या मनात खोट नव्हती. उपासनानं मारिसोलला वर्गात थांबवून घेतलं आणि सांगितलं.

मारिसोल बँडेज गुंडाळत होती. "आम्ही जिंकलो म्हणून शाळा आम्हाला पाठवणार होती," ती म्हणाली. "आता मला प्रीताची आई पाठवणार."

"त्यानं काय फरक पडतो?"

"मिसेस वासनिक, तिथे माझा हात चुकला तर? मग मी त्यांच्या दारात कुठल्या तोंडानं जाऊ?"

उपासना स्वतः सरकारी वसतिगृहात राहून, स्कॉलरशिपवर शिकली होती. ते पैसे तिनं ताठ मानेनं घेतले होते. ते हक्काचे होते. त्यासाठी कुणाच्या घरी जाऊन हसावं लागलं नव्हतं. आता या पोरीला कुठल्या तोंडानं सांगायचं, की तू हसून घे?

मारिसोलनं रीमाचे पैसे घेतले नाहीत. तिच्या जागी संघटनेतली रुही नावाची दुसरी मुलगी घेतली. प्रीता उपासनाच्या घरी येऊन रडली. "मावशी, आय डोन्ट वॉन्ट टू गो. तिच्याशिवाय नाही."

"जा बेटा," उपासना म्हणाली. "एकीनं तरी जावं."

तिला तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं होतं.

स्पर्धेत प्रीतानं न बघता डावा हात मागे केला. मारिसोल असती तर हातात पट्टी आली असती. रुही बिचारी पिशवीत शोधत राहिली. त्यांचा नंबर लागला नाही, आणि लागला नाही याचं प्रीताला फारसं दुःखही झालेलं दिसलं नाही. परत आल्यावर ती मारिसोलच्या घरी गेली. मारिसोल दारापर्यंत आली, नीट बोलली, पण आत ये म्हणाली नाही.

सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा संघटना उरली नव्हती. मारिसोलनं उपासनाचा विषयही सोडला होता. एका दुपारी दोघींची पार्किंगमध्ये गाठ पडली.

"नर्सिंगचं काय ठरवलंस?" उपासनानं विचारलं.

"सध्या वेअरहाऊसमध्ये लागलेय. आईला मदत होते." ती हसली. संबंध संपलेल्या माणसाशी आपण जसं नीट हसतो, तसं. "जाऊ मी? शिफ्ट आहे."

उपासना गाडीत बसली, पण गाडी सुरू करावीशी वाटेना. अतुलचा, तिच्या नवऱ्याचा फोन आला. भाजी कुठली करू, विचारत होता.

"काहीही कर," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.